दुसरा माणूस वापरायला लागतो तेव्हा

वेब प्रोग्रॅमिंग कसं शिकावं यावर जितके क्लासेस निघाले तितके बहुधा फक्त इंग्रजी संभाषणावरच निघाले असतील. गंमत म्हणजे ज्यांनी हे वेब नावाचं प्रकरण उभं केलं, त्यातले बरेच जण अशा कुठल्या क्लासला गेलेच नव्हते. जाणार कुठे? क्लासच नव्हता! स्वतःला एखादी अडचण होती, ती सोडवायला त्यांनी काहीतरी छोटंसं बनवलं आणि त्यातून ते शिकत गेले.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 'स्वतःला लागणारं काहीतरी बनव, आपोआप शिकशील' हा सल्ला आता इतका गुळगुळीत झालाय की देणारा आणि घेणारा दोघंही त्याचा फारसा विचार करत नाहीत. पण इतिहास जरा नीट पाहिला तर मला या सल्ल्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. स्वतःसाठी बनवलेलं स्वतःपुरतंच राहिलं तर शिकणं एका जागी थांबतं. ते पुढे सरकतं ते दुसरा माणूस ते वापरायला लागल्यावर. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा. :)

सुरुवात अगदी मुळापासून करतो. १९८० साली टिम बर्नर्स-ली नावाचा पंचविशीतला इंग्रज तरुण जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत सहा महिन्यांच्या कंत्राटावर गेला. तिथे हजारो माणसं, येणारी-जाणारी. कोण कुठल्या कामावर आहे, कुठला प्रोग्रॅम कुठल्या यंत्रावर चालतो, तो कोणी लिहिला, हे लक्षात ठेवता ठेवता त्याच्या नाकी नऊ आले. म्हणून त्याने स्वतःपुरता एक प्रोग्रॅम लिहिला. नाव 'एन्क्वायर', भाषा पास्कल. लहानपणी घरी पाहिलेल्या, कशावरही माहिती देणाऱ्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून हे नाव सुचलेलं. एकेक नोंद म्हणजे एकेक कार्ड, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर जायला दुवे. म्हणजे वेबचं बीज त्यात होतंच की.

पुढे काय झालं? कंत्राट संपलं, गडी निघून गेला. जाताना प्रोग्रॅमची फ्लॉपी तिथल्या एकाच्या हाती दिली. ती कालांतराने हरवली. संपला विषय!

तोच माणूस १९८४ मध्ये सर्नला परत आला आणि मार्च १९८९ मध्ये त्याने तीच कल्पना नव्याने, पण आता सगळ्यांसाठी म्हणून, कागदावर मांडली. साहेबांनी, म्हणजे माइक सेंडॉल यांनी, त्यावर शेरा मारला तो साधारण 'मोघम आहे, पण भारी आहे' अशा अर्थाचा. १९९० च्या अखेरीला पहिला ब्राउझर तयार झाला. पण तो चालायचा नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावर, आणि तो सर्नमध्ये मोजक्याच लोकांकडे. म्हणजे पुन्हा एन्क्वायरसारखीच गत व्हायची वेळ. इथे निकोला पेलो ही गणिताची विद्यार्थिनी कामाला आली. तिने अगदी साधा, नुसता मजकूर दाखवणारा ब्राउझर लिहिला, जो कुठल्याही जुन्यापुराण्या टर्मिनलवर चालेल. आणि मग त्यावर काय ठेवलं असेल? सर्नची फोनची यादी! ती तोवर एका मोठ्या मेनफ्रेमवर होती आणि तिथून काढायला कटकटीची. विज्ञानाच्या त्या पंढरीत लोकांना वेबची सवय लागली त्यात या फोनच्या यादीचा हात मोठा. आणि रोज वापरणारी माणसं आली म्हटल्यावर वेगवेगळी यंत्रं आली, वेगवेगळ्या तक्रारी आल्या, आणि वेब खऱ्या अर्थाने घडायला लागलं.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांना फुकट खुलं केलं. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा चित्रं दाखवणारा ब्राउझर आला. आणि त्यात एक सोय होती जिच्यावर आख्खी पिढी शिकली : 'व्ह्यू सोर्स'. समोर दिसतंय ते पान कसं लिहिलंय ते बघा! हलवायाने गिऱ्हाइकाला थेट भटारखान्यात नेऊन कढई दाखवावी तसं. बर्नर्स-ली यांची अपेक्षा होती की पानामागचं एचटीएमएल सामान्य माणूस कधी बघणारसुद्धा नाही, सगळं संपादकाच्या खिडकीतूनच लिहिलं जाईल. लोकांनी ते उघडून पाहिलं, उतरवून घेतलं, स्वतःचं नाव घातलं आणि छापलं. माझ्या वयाच्या ज्यांनी ज्यांनी जिओसिटीजवर पान केलं होतं (हलणाऱ्या चित्रांसकट!) त्यांना हे वेगळं सांगायला नको. ते जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं आणि आमचे ते सगळे प्रताप बहुतांशी पडद्याआड गेले. एका अर्थी बरंच झालं.

आता पीएचपीची गोष्ट. रास्मुस लेरडॉर्फ, जन्म ग्रीनलंडचा. १९९४ मध्ये त्याने आपला बायोडेटा वेबवर ठेवला आणि तो कोण कोण बघून जातं हे कळावं म्हणून सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्याचं नाव ठेवलं 'पर्सनल होम पेज टूल्स'. नावातच सगळं आलं. हेतू नोकरी शोधणाऱ्या कुणाचाही असेल तसाच. पण इतर लोक ते मागायला लागले, आणि जून १९९५ मध्ये त्याने सोर्स कोडसकट सगळं खुलं केलं. वापरणाऱ्यांनी मग त्यात चुका काढल्या, दुरुस्त्या पाठवल्या, नवनव्या मागण्या केल्या. पुढे इस्रायलमधले दोन विद्यार्थी, अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की, विद्यापीठातल्या एका प्रकल्पासाठी ते वापरायला गेले. ते त्यांना अपुरं पडलं, म्हणून त्यांनी गाभाच नव्याने लिहिला. तोच १९९८ चा पीएचपी ३. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, २००४ मधलं फेसबुक, सगळे याच भाषेत उभे राहिले. बायोडेटा कोण बघतंय हे पाहण्याच्या उत्सुकतेतून! आणि भाषा घडवण्यात त्या दोन न ओळखणाऱ्या पोरांचा वाटा, ज्यांना ती अपुरी पडली.

ब्लॉगवाल्या मंडळींना जवळची वाटेल अशी अजून एक गोष्ट. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या कॉलेजच्या पोराने १९९९ मध्ये आपल्या शाळेतल्या मित्रांना आपली खबरबात कळावी म्हणून लाइव्हजर्नल बनवलं. मित्रांचे मित्र आले, त्यांचे मित्र आले, आणि काही वर्षांत इतकी गर्दी झाली की डेटाबेसला श्वास घेता येईना. मग २००३ मध्ये त्याने मेमकॅश्ड लिहिलं. कल्पना अगदी स्वयंपाकघरातली आहे. प्रत्येक फोडणीला कोठीतली बरणी काढायला कोणी जात नाही. रोज लागणारी मोहरी, हळद, तिखट आपण मिसळणाच्या डब्यात हाताशी ठेवतो. तसं पुन्हा पुन्हा लागणारी माहिती दर वेळी डेटाबेसकडे न मागता अनेक यंत्रांच्या मेमरीत हाताशी ठेवायची. फेसबुक आणि विकिपीडियानेही पुढे हेच वापरलं. चार मित्रांसाठी साइट चालवणाऱ्याला याची गरजच पडली नसती. आणि गर्दी नसताना हे नुसतं पुस्तकात वाचलं असतं, तर मला नाही वाटत त्याचं महत्त्व कुणाला हाडात जाऊन कळलं असतं.

सर्नच्या फोनच्या यादीची गोष्ट मी वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण माझा पहिला प्रकल्पही तोच! २००३-०४ च्या सुमारास मी आमच्या नातेवाइकांची एक यादी वेबवर केली होती. नाव, गाव, फोन, वाढदिवस, बस. माझ्या संगणकावर ती झकास दिसायची. मग ती मी सगळ्यांना पाठवली.

पहिला फोन इंदूरच्या आत्याचा. "अरे, ही कुठली भाषा? नुसती ए बी सी डी सांडल्यासारखी दिसतेय." त्या काळी बहुतेक मराठी पानांचं हेच होतं. प्रत्येक फाँटचा कारभार स्वतंत्र. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले. फाँट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ मध्येच मिळाली होती, पण विंडोजमध्ये ती नीट आली २००० सालच्या आवृत्तीपासून. एक्सपीवरसुद्धा सीडी घालून ती सोय चालू करावी लागे, आणि विंडोज ९८ वाल्यांची तर मारामारच. आत्यामुळे मी युनिकोड शिकलो. अख्खी यादी पुन्हा टंकली.

दुसरा फोन क्षीरसागर काकांचा. "आमचं नाव वगळलंत वाटतं?" वगळलं नव्हतं हो! ते यादीच्या शेवटी शोधत होते, कारण आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी. संगणक मात्र क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं मानतो, म्हणून तो त्यांना क च्या घोळक्यात, ख च्या आधी बसवतो. तीच तऱ्हा ळ ची. आपल्याकडे ळ येतो ह नंतर, युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मधे. त्यामुळे काळे मंडळी कावळे आणि काशीकरांच्या आधी येऊन बसलेली. हे सोडवायला मी जावास्क्रिप्टमध्ये वर्णमालेचा क्रम हाताने लिहिला, जोडाक्षरं कशी ओळखायची ते शिकलो, आणि 'अक्षर' म्हणजे नक्की काय याचा आयुष्यात पहिल्यांदा विचार केला. 'क्षमा' या शब्दात आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणक पाच मोजतो. कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मला हे भेटलं नसतं. ते शिकवलं रागावलेल्या काकांनी.

मला एकट्याला यातलं काहीच कळलं नसतं. माझ्या यंत्रावर फाँट होता, आणि माझं नाव मला कुठेही सापडतंच की!

त्याच सुमारास मराठी संकेतस्थळांवरही हेच चाललं होतं. मायबोली १९९६ पासून होती, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये मनोगत आलं. ब्राउझरमध्ये थेट मराठी टंकता यावं म्हणून गमभनसारखी साधनं घडली. लोक ती वापरत, 'ऍ' कसा काढायचा, 'ऱ्य' कसा लिहायचा असे प्रश्न विचारत. आपण आज मराठी सहज लिहितो त्यात वापरणाऱ्यांच्या असल्या कटकटींचा वाटा किती असेल!

मग मोबाइल आला आणि खेळाचे नियम बदलले. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बाहेरच्यांना त्यावर ॲप बनवायची सोयच नव्हती, वेबपानंच करा म्हणाले. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर सुरू झालं, साधारण ५०० ॲप्स घेऊन. आता बनवता येत होतं, पण वर्षाला ९९ डॉलर भरून आणि परवानगी घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या बाजारात एकदाच २५ डॉलर. पैशांपेक्षा मला वाटतं मोठा बदल वेगळा होता. ॲपला 'व्ह्यू सोर्स' नाही. भटारखान्याचं दार बंद. आणि दुसऱ्या माणसाला देणं अवघड झालं. पूर्वी नुसता पत्ता कळवला की काम भागायचं. आमच्या यादीचं ॲप मी २०१२ च्या सुमारास केलं तेव्हा प्रत्येक नातेवाइकाला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अनोळखी स्रोत' वर खूण करायला सांगावी लागली. निम्म्यांनी घाबरून केलीच नाही. ज्यांनी केली त्यातल्या काहींच्या जुन्या फोनवर मराठीऐवजी चौकोन दिसले. आत्याचा फोन आलाच. :)

नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने एक नियम काढला. नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप बाजारात आणण्याआधी २० माणसांनी ते सलग १४ दिवस तपासायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये २० चे १२ झाले. नवशिक्यांनी खूप कुरकुर केली, आणि ती रास्तही आहे, एकट्यादुकट्याने बारा माणसं आणायची कुठून? पण मला मनातल्या मनात हसू आलं. दुसरा माणूस आता सक्तीचा झाला! फक्त सक्तीने आलेला माणूस आत्यासारखा बोलेल का, ही शंका आहे.

दार पुरतं बंद झालेलं नाही, हे वर्डलने दाखवलं. जॉश वॉर्डल या प्रोग्रॅमरने आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ केला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२,००० निघाले, त्यातले ओळखीचे वाटतील असे अडीचेक हजार तिने निवडले. म्हणजे खेळाचा जीव वापरणारीनेच घडवला. मग तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रमला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांना खुला झाला. ॲप नाही, साधं वेबपान. १ नोव्हेंबरला ९० जण खेळत होते, दोनच महिन्यांत तीन लाख. ते हिरवे-पिवळे चौकोन आठवतात? ते सुचले खेळणाऱ्यांना. न्यूझीलंडमधले काही जण आपला निकाल हाताने चौकोन टंकून एकमेकांना पाठवत होते. वॉर्डलने ते पाहिलं आणि डिसेंबरमध्ये खेळातच घातलं. जानेवारी २०२२ च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला. आणि हो, शब्दांची अख्खी यादी त्या पानाच्या सोर्समध्ये उघडी होती. ज्याला बघायची त्याने बघावी. जुने दिवस आठवले.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो, कारण हे सगळं मी ज्यामुळे लिहायला बसलो तो प्रश्न माझ्या भाचीने विचारला. ती पुण्यात शिकते. तिने आपल्या मेससाठी एक छोटं ॲप केलं, कोण आज जेवणार, कोण नाष्ट्याला येणार, असं मुलींनी बटण दाबून सांगायचं, म्हणजे मेसच्या काकूंना अंदाज येतो. एका दुपारीत झालं, कारण कोड एआयने लिहिला. ती म्हणाली, "मामा, मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. मग मला येतं असं म्हणू का? खरं सांग."

मी लगेच उत्तर दिलं नाही. तिला विचारलं, वापरायला लागल्यावर काय झालं? तेव्हा तिने सांगितलं की पहिल्याच आठवड्यात सकाळचे पोहे रोज कमी पडायला लागले. काकू वैतागल्या. तिने नावं तपासली तर हुकलेल्या सगळ्या मुली रात्री जागणाऱ्या निघाल्या. बारा वाजून गेल्यावर त्या 'आज नाष्टा हवा' म्हणत, आणि ॲप ते कालच्या तारखेत टाकत होतं. कारण आतला 'आज' होता ग्रिनिचचा. तिथली तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. हे कळल्यावर दुरुस्ती एका ओळीची होती, आणि तीही एआयनेच लिहून दिली. पण काय बिघडलंय हे एआयला कोणी सांगितलं? तिने. तिला कोणी सांगितलं? पोह्यांनी.

तर माझं उत्तर असं. कोड उतरवून घेणं हे नवीन नाही, आम्हीही सोर्स बघून उतरवलाच होता. एआयचा वेग जास्त आहे आणि समजून न घेताही पुढे जाता येतं, हा धोका खरा आहे. उतरवताना आमच्या डोळ्यांखालून निदान ओळी तरी जायच्या, ते आता जात नाही, आणि त्याचं काय होईल याची मलाही काळजी वाटते. पण काकू, आत्या, न्यूझीलंडचे चौकोनवाले यांची जागा एआय घेऊ शकलेलं नाही. पोहे कमी पडले तेव्हा ती पळाली नाही, शोधत बसली. वेळेचे पट्टे आता ती जन्मात विसरणार नाही. तेवढं तिला येतं. बाकीचंही असंच येईल.

म्हणून जे कोणी शिकतायत त्यांना माझं एकच सांगणं. छोटं बनवा, पण फ्लॉपीत ठेवू नका. कुणाला तरी वापरायला द्या. शक्यतो अशा नातेवाइकांना, जे तोंडावर स्पष्ट बोलतात. आपल्याकडे त्यांची टंचाई कधीच नव्हती. :)